रोल्स-रॉइस फँटम ४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मोटारींवर प्रेम करणाऱ्यांच्या गप्पांत ही गाडी हमखास निघते आणि तिच्याबद्दल खऱ्याखोट्या गोष्टींची सरमिसळ होते. अमुक महाराजांकडे होती, तमुक नटाला नाकारली, एक मुंबईत धूळ खात पडून आहे, असं बरंच काही ऐकू येतं. खरं तर जेमतेम सहा वर्षांत बनलेल्या या मोजक्या गाड्यांपैकी प्रत्येकीची नोंद आहे. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर विसंबायचं काही कारण नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

फँटम ४ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

रोल्स-रॉइसच्या फँटम मालिकेतली चौथी. १९५० ते १९५६ या काळात बनली. हिच्या आधीची फँटम ३ बारा सिलिंडरची होती, १९३६ साली बाजारात आली आणि दुसरं महायुद्ध सुरू होताच बंद पडली. हिच्या नंतरची फँटम ५ १९५९ साली आली. या दोघी ऐपत असलेल्या कोणालाही घेता येत होत्या. मधली फँटम ४ मात्र राजघराणी, राष्ट्रप्रमुख आणि त्यांच्या तोडीचे मानले गेलेले मोजके लोक यांच्यासाठीच बनवली गेली. शोरूममध्ये उभी राहून गिऱ्हाइकाची वाट पाहणं तिच्या नशिबी कधी आलं नाही.

एकूण किती बनल्या? कुठे १७ लिहिलेलं असतं, कुठे १८.

अठरा. सतरा म्हणणारेही तसे चुकत नाहीत, कारण गिऱ्हाइकांच्या हाती सतराच गेल्या. उरलेली एक, चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक ४एएफ४, कंपनीनं स्वतःजवळ ठेवली. तिच्यावर राजेशाही बॉडी न चढवता मागे माल ठेवायला उघडा हौदा असलेली, पिकअपसारखी बॉडी बसवली. चाचण्यांसाठी आणि सामानाच्या ने-आणीसाठी ती राबली आणि पुढे मोडीत काढली गेली. जगातल्या सर्वात दुर्मीळ रोल्स-रॉइसपैकी एक कारखान्याचं सामान वाहत होती, हे वाचून अनेकांना वाईट वाटतं. मला ते अगदी योग्य वाटतं. राणीच्या गाडीत जे बसवायचं ते आधी एखाद्या गाडीनं रस्त्यावर सोसून पाहायला नको का?

राजघराण्याला आधी रोल्स-रॉइस का नव्हती?

कारण त्यांची डेम्लर होती. सातवा एडवर्ड प्रिन्स ऑफ वेल्स असताना १९०० साली त्यानं डेम्लर घेतली आणि तेव्हापासून ब्रिटिश राजवाड्याच्या पागेत त्याच गाड्यांचं राज्य होतं. रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हाळ्या दिसल्या की लोक ओळखत, ही राजवाड्याची गाडी. घराण्यातल्या काहींनी स्वतःसाठी रोल्स-रॉइस घेतल्या होत्या, पण राजकीय समारंभाची गाडी म्हणून मान डेम्लरचाच होता. रोल्स-रॉइस स्वतःला जगातली सर्वोत्तम मोटार म्हणवत असे आणि स्वतःच्याच देशाचा राजा दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून मिरवत असे. ही सल कंपनीला अनेक वर्षं होती.

मग ही गाडी बनवायचं ठरलं तरी कसं?

यामागे रोल्स-रॉइसनंच बनवलेली एक प्रायोगिक बेंटली आहे आणि वेगात गाडी चालवायला आवडणारा एक तरुण नौदल अधिकारी.

युद्धाच्या आधीच रोल्स-रॉइसच्या लोकांनी एका इंजिन-कुटुंबाचा विचार सुरू केला होता. चार, सहा आणि आठ सिलिंडरची इंजिनं, पण आतले बरेचसे भाग सारखेच. त्यातलं आठ सिलिंडरचं इंजिन त्यांनी एका बेंटलीत बसवून पाहिलं. गाडी अशी काही पळायची की कारखान्यात तिला 'स्काल्डेड कॅट', म्हणजे पोळलेलं मांजर, असं नाव पडलं. ही बेंटली राजकन्या एलिझाबेथचे पती ड्यूक ऑफ एडिंबरा, म्हणजे प्रिन्स फिलिप, यांना चालवायला मिळाली. त्यांना ती फार आवडली. असंच इंजिन असलेली, पण प्रशस्त आणि समारंभाला शोभेल अशी गाडी करून द्याल का, अशी विचारणा त्यातून झाली.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी रीतसर मागणी नोंदवली गेली. गाडी प्रत्यक्ष हाती पडली ६ जुलै १९५० रोजी. राजकन्या एलिझाबेथ आणि ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या खास मागणीनुसार ही गाडी घडवली आहे, असं कंपनीनं तेव्हा जाहीर केलं.

ते दिवसही ध्यानात घ्यायला हवेत. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग होतं, पोलाद जपून वाटलं जात होतं आणि जे बनेल ते परदेशी विकून डॉलर आणा, असा सरकारचा धोशा होता. अशा वेळी एका घरासाठी नवी चासी घडवणं हा व्यवहाराचा हिशेब नव्हता. राजवाड्याचा दरवाजा एकदा उघडला की तो पन्नास वर्षं बंद होणार नाही, हे कंपनीनं ओळखलं होतं, असं मला वाटतं. पुढे घडलंही तसंच.

पहिल्या गाडीचं गुप्त नाव 'नाभा' होतं, हे खरं आहे का?

हो. काम चालू असताना ती कोणासाठी आहे हे बाहेर फुटू नये म्हणून तिला 'नाभा' हे सांकेतिक नाव दिलं होतं. नाभा हे पंजाबातलं शीख संस्थान, पटियाळा आणि जिंद यांच्या भाऊबंदांतलं. कागदावर नाभा दिसलं की पाहणाऱ्याला वाटावं, कुण्या भारतीय महाराजांची मागणी असणार. भारतीय संस्थानिकांच्या मागण्यांची त्या कारखान्याला इतकी सवय होती की कोणाला शंकाही आली नसती. आणखी एक योगायोग. ही मागणी नोंदवली गेली त्याच वर्षी, १९४८च्या जुलैमध्ये, नाभा संस्थान पटियाळा आणि इतर संस्थानांसह 'पेप्सू' या नव्या संघात विलीन झालं होतं. लंडनच्या राजकन्येच्या गाडीला ज्या राज्याचं नाव दिलं, ते राज्य तोवर नकाशावर उरलं नव्हतं.

या गाड्या इंग्लंडमधल्या क्रू गावच्या कारखान्यात बनल्या का?

साधारण तसा समज आहे, आणि युद्धानंतरच्या इतर रोल्स-रॉइस आणि बेंटलींच्या बाबतीत तो बरोबरही आहे. क्रूचा कारखाना मुळात मर्लिन विमान-इंजिनांसाठी १९३८ साली उभा राहिला आणि १९४६ पासून तिथे मोटारी बनू लागल्या. फँटम ४ची गोष्ट वेगळी आहे. युद्धकाळात मोटार विभागातले अभियंते डर्बीच्या उत्तरेला बेल्पर या छोट्या गावी, क्लॅन फाउंड्री नावाच्या जागेत जाऊन बसले होते. डब्ल्यू. ए. रोबोथम यांच्या हाताखाली रणगाड्यांच्या इंजिनाचं मोठं काम तिथे झालं. फँटम ४ची सुरुवात याच प्रायोगिक विभागात झाली. तिथे एकेक चासी सुटी, हातानं जुळवली गेली.

म्हणून हिच्या बाबतीत 'उत्पादन' हा शब्द मला जरा मोठाच वाटतो. सहा वर्षांत अठरा, म्हणजे वर्षाला सरासरी तीन.

इंजिन कोणतं होतं?

बी-८०. एका ओळीत आठ सिलिंडर, ५,६७५ सीसी. विक्रीसाठी बनलेल्या रोल्स-रॉइस मोटारींत एका ओळीत आठ सिलिंडर असलेली हीच एक. फँटम मालिकेत हिच्या आधी सहाचं किंवा बारा सिलिंडरचं व्ही-१२ आणि नंतर आठाचं व्ही-८ असा क्रम आहे. सरळ आठ मधे एकदाच येऊन गेलं.

त्याची रचना त्या काळच्या रोल्स-रॉइसची नेहमीची होती. मिश्रण आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर आणि जळका वायू बाहेर सोडणारी झडप बाजूला. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच आणि दट्ट्याची चाल साडेचार इंच. याच मापाचे सहा सिलिंडर घेतले की त्या काळच्या बेंटली मार्क ६चं ४,२५७ सीसीचं इंजिन होतं. ४,२५७ला सहानं भागा, आठानं गुणा, उत्तर ५,६७६ येतं. भावंडं असल्याचा याहून साधा पुरावा नको.

आता या कुटुंबाची दुसरी शाखा बघा. हीच बी मालिका युद्धानंतर ब्रिटिश लष्करानं आपल्या वाहनांसाठी घेतली. चार सिलिंडरचं बी-४० ऑस्टिन चँप या जीपसारख्या गाडीत गेलं, सहाचं बी-६० फेरेट या टेहळणीच्या चिलखती गाडीत आणि आठाचं बी-८० सॅरासेन या सैनिक वाहून नेणाऱ्या चिलखती वाहनात. डेनिस कंपनीच्या अग्निशमन बंबांतही बी-८० बसलं. राणीच्या गाडीचं इंजिन आणि बंबाचं इंजिन एकाच घरातले. कोणी हे कमीपणाचं म्हणून सांगतं तेव्हा मला राग येतो. लष्कराला आणि बंबवाल्यांना वर्षानुवर्षं न कुरकुरता चालणारं इंजिन हवं असतं. मिरवणुकीच्या गाडीलाही नेमकं तेच हवं असतं, कारण हजारो लोकांसमोर ती बंद पडली तर बातमी होते.

अश्वशक्ती किती होती? ही गाडी किती पळायची?

कंपनीनं अश्वशक्तीचा आकडा जाहीर केला नाही. ती त्यांची रीतच होती. म्हणून जिथेतिथे ठामपणे छापलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

कमाल वेग हा या गाडीचा खरा कसच नव्हे. तिची परीक्षा माणसाच्या चालीनं पुढे सरकताना होते. संथ पावलांनी चालणाऱ्या घोडदळाबरोबर, बँडच्या तालावर, मैलभर जायचं आणि त्यात ना धक्का बसू द्यायचा, ना इंजिन तापू द्यायचं. लांब ओळीचं इंजिन अगदी कमी फेऱ्यांतही ओढत राहतं, हा त्याचा मोठा गुण. सुरुवातीच्या गाड्यांना चार गिअरचा हातानं बदलायचा गिअरबॉक्स होता. पुढच्या काहींना ऑटोमॅटिक आला आणि संथ मिरवणुकीत क्लच धरून बसणाऱ्या ड्रायव्हरच्या डाव्या पायाला आराम मिळाला.

प्रिन्स फिलिप मात्र स्वतः गाडी चालवायचे. त्यांच्यासाठी पहिल्या गाडीतली पुढची सीट मागेपुढे करता येईल अशी बसवली. शोफरच्या सीटला असली सोय त्या काळी देत नसत. शोफरनं दिलेल्या जागेत बसायचं, असाच दंडक होता.

चासी इतर गाड्यांहून कशी वेगळी होती?

पायाभूत आराखडा सिल्व्हर रेथ या रोल्स-रॉइसच्याच त्या काळच्या गाडीचा, पण लांबवलेला आणि मधे आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी मजबूत केलेला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १४५ इंच, म्हणजे तीन मीटर ६८ सेंटीमीटर. पुढे कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. सगळ्यात सहज दिसणारी खूण मागच्या चाकांत आहे. सिल्व्हर रेथचं चाक पाच बोल्टांवर बसतं, फँटम ४चं मागचं चाक दहा बोल्टांवर. एवढ्या वजनाची बॉडी आणि काही गाड्यांवर चिलखत, हे सगळं पेलायचं होतं.

बॉडी कोणी बनवली?

हे समजून घेतल्याशिवाय या गाडीचा इतिहास कळत नाही. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चासी देत असे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकं, रेडिएटर. वरची बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. अ‍ॅश लाकडाची चौकट, तिच्यावर हातोडीनं ठोकून आकार दिलेला पत्रा, मग रंगाचे थरावर थर, आत कातडं आणि अक्रोडाच्या लाकडाची फळी. घोडागाड्या बांधणाऱ्यांकडून वारशानं आलेली ही कारागिरी होती.

अठरांपैकी नऊ बॉडी एच. जे. मलिनर यांनी बांधल्या, सात हूपरनं आणि एक पॅरिसच्या फ्रानेनं. अठरावा तो कारखान्याचा पिकअप.

मलिनरचा हात संयमी होता. पहिली शाही गाडी त्यांचीच. तिच्या रेषा सरळ, उभ्या, कुठेही बडेजाव नाही. हूपरची शैली निराळी. पुढच्या मडगार्डाची रेषा दरवाजावरून लांब घसरत मागच्या चाकापर्यंत जाते आणि मागचं चाक बरंचसं झाकलेलं असतं. मला विचाराल तर फँटम ४च्या लांबीला हूपरची ही उतरती रेषा जास्त शोभते. पण राजवाड्याच्या दारात उभी राहायला मलिनरचीच गाडी योग्य आहे, हेही कबूल करावं लागतं. आत बसलेली व्यक्ती बाहेरच्यांना दिसावी म्हणून तिच्या काचा मोठ्या ठेवल्या आहेत.

गंमतीची गोष्ट म्हणजे हूपर ही कंपनी १९४० पासून बीएसए समूहाच्या मालकीची होती आणि डेम्लरही त्याच समूहाची. म्हणजे ज्या गाडीनं डेम्लरला राजवाड्यातून हटवलं, तिच्या सात बॉडी डेम्लरच्याच मालकाच्या कारागिरांनी बांधल्या.

चासी क्रमांक कसे वाचायचे?

तीन तुकड्या आहेत. पहिली ४एएफ, तिच्यात २ पासून २२ पर्यंतचे फक्त सम आकडे, म्हणजे अकरा गाड्या. दुसरी ४बीपी, तिच्यात १, ३, ५ आणि ७, म्हणजे चार. तिसरी ४सीएस, तिच्यात २, ४ आणि ६, म्हणजे तीन. बेरीज अठरा. शेवटी १३ असलेला क्रमांक कोणी दाखवला तर तो खोटा समजा.

कोणाकोणाला मिळाली?

ब्रिटिश राजघराण्यात पाच गेल्या. राणी एलिझाबेथ यांच्याकडे दोन : राजकन्या असताना घेतलेली ४एएफ२, आणि ४बीपी५ ही १९५४ साली आलेली, मागचा टप उघडणारी हूपरची लँडोलेट. ही दुसरी आधी कंपनीच्याच मालकीची होती, गरज पडेल तशी वापरायला दिलेली. राणीनं ती नंतर विकत घेतली. याशिवाय ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, डचेस ऑफ केंट आणि राजकन्या मार्गारेट यांना एकेक.

बाकीच्या समुद्रापार गेल्या. कुवेतच्या अमीरांनी तीन घेतल्या, स्पेनच्या फ्रँकोनं तीन, इराणच्या शहांनी दोन. इराकचा राजा दुसरा फैझल आणि त्याचा मामा, राजप्रतिनिधी अब्द अल-इलाह, यांना एकेक. सौदी अरेबियाचे राजपुत्र तलाल यांना एक, ती फ्रानेची. आणि एक आगाखान तिसरे यांना.

ही यादी नुसती वाचली तरी विसाव्या शतकाच्या मध्याचं राजकारण समोर उभं राहतं. तेलाच्या पैशावर वर आलेली राज्यं तिच्यात आहेत आणि अस्ताला निघालेली घराणीही. फैझल आणि त्याचा मामा १४ जुलै १९५८च्या बगदादमधल्या उठावात मारले गेले. राजा तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. इराणचे शहा जानेवारी १९७९ मध्ये देश सोडून गेले. या दोन्ही सिंहासनांपेक्षा त्यांच्या बहुतेक गाड्या जास्त टिकल्या.

'फक्त राजेरजवाड्यांची गाडी' असं कौतुकानं लिहिणाऱ्यांनी फ्रँकोचं नाव गाळू नये, असं मला वाटतं. तो राजा नव्हता. यादवी युद्ध जिंकून सत्तेवर बसलेला हुकूमशहा होता आणि त्याला एकाच वेळी तीन गाड्या मिळाल्या : दोन चिलखती लिमोझिन आणि एक उघडी. 'योग्यता' ठरवणारा जो निकष कंपनी सांगत होती, तो शेवटी सत्तेपाशी येऊन थांबत होता.

पैसे मोजायची तयारी असूनही ही गाडी नाकारली जायची, हे खरं का?

नियम म्हणून हो. ही गाडी राजघराण्यांसाठी आणि राष्ट्रप्रमुखांसाठीच, असं धोरण होतं आणि ते बऱ्याच अंशी पाळलं गेलं. अमुक नटाला नाकारली, तमुक तेलसम्राटाला हात हलवत परत पाठवलं, या नावानिशी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना मात्र मी इथे जागा देत नाही. त्यांना भक्कम आधार लागतो.

यादीतला खरा अपवाद आगाखान. त्यांच्याकडे राज्य नव्हतं, भूमी नव्हती. होते ते जगभर पसरलेले अनुयायी.

हे आगाखान म्हणजे पुण्याच्या आगाखान पॅलेसचेच का?

तेच. सर सुलतान महंमद शाह, आगाखान तिसरे, निझारी इस्माइली पंथाचे ४८वे इमाम. जन्म १८७७ साली कराचीत, घडण मुंबई-पुण्यात. नगर रस्त्यावरचा पॅलेस १८९२चा. १९४२ ते १९४४ गांधीजींना तिथे स्थानबद्ध केलं होतं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबांनी तिथेच देह ठेवला. पुढे आगाखान चौथे यांनी १९६९ साली ती वास्तू राष्ट्राला दिली. मुंबईशी त्यांचं नातं इतकं घट्ट होतं की १९४६ साली त्यांची हिऱ्यांची तुला झाली ती ब्रेबॉर्न स्टेडियमवर.

त्यांची फँटम ४, क्रमांक ४एएफ२०, ही हूपरनं बांधलेली सेडांका. म्हणजे मागे बसणाऱ्यांच्या डोक्यावर पक्कं छत आणि ड्रायव्हरवरचं छत उघडता येणारं. ती पुण्याला आली नव्हती. तोवर त्यांचा मुक्काम युरोपात असायचा आणि १९५७ साली त्यांचं निधन झालं. त्यामुळे ती पॅलेसच्या आवारात कधीकाळी उभी असायची, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नये.

एकाही भारतीय संस्थानिकाकडे का गेली नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भारतीय संस्थानिक हे रोल्स-रॉइसचे जगातले सर्वात मोठे आणि हौशी गिऱ्हाइकांपैकी होते. शिकारीच्या गाड्या, पडदानशीन गाड्या, चांदीच्या कलाकुसरीच्या गाड्या, काय नाही बनलं त्यांच्यासाठी! आणि नेमकी राजांसाठीच म्हणून जी गाडी आली, तिच्या यादीत एकही भारतीय राजा नाही.

कारण कालगणनेत आहे. पहिली फँटम ४ हाती पडली जुलै १९५० मध्ये. त्याआधी सहा महिने भारत प्रजासत्ताक झाला होता. संस्थानं विलीन झाली होती. कोल्हापूर १९४९ साली मुंबई प्रांतात गेलं, बडोदाही त्याच वर्षी. राजांना तनखे मिळत होते, पदव्याही होत्या, पण राज्य नव्हतं, म्हणजे राष्ट्रप्रमुख या निकषात ते बसत नव्हते. वर परदेशी मोटारींच्या आयातीवर नव्या सरकारचे निर्बंध वाढत चालले होते. गाडीला तीन वर्षं उशीर झाला म्हणा, किंवा इतिहास तीन वर्षं पुढे होता म्हणा. भारताच्या वाट्याला आलं ते एक सांकेतिक नाव, नाभा.

म्हणून आपल्याकडच्या जुन्या वाड्यात फँटम ४ सापडली अशी बातमी आली की ती बहुधा फँटम २, फँटम ३ किंवा सिल्व्हर रेथ निघते. त्या गाड्याही कमी तोलाच्या नाहीत. त्यांना त्यांच्याच नावानं मान द्यावा.

बॉनेटवरची परी गुडघे टेकून बसलेली का असते?

'स्पिरिट ऑफ एक्स्टसी' नेहमी उभी असते. पण तिची गुडघे टेकलेली आवृत्तीही त्या वर्षांत वापरात होती आणि फँटम ४वर तीच दिसते. राणी गाडीत असतील तेव्हा ब्रिटिश राजवाड्याच्या गाडीवर परीच्या जागी ड्रॅगनला मारणाऱ्या सेंट जॉर्जची मूर्ती लागायची. राजकन्या मार्गारेट यांनी आपल्या गाडीवर पंखवाला घोडा, पेगॅसस, बसवला होता.

पहिल्या गाडीचा रंग आज दिसतो तसाच होता का?

नाही. ती हिरव्या रंगात आली होती. ६ फेब्रुवारी १९५२ला एलिझाबेथ राणी झाल्या आणि गाडी सरकारी समारंभांची झाली, तेव्हा राजवाड्याच्या परंपरेप्रमाणे गडद लाल आणि काळ्या रंगात रंगवली गेली.

उत्पादन का थांबलं?

गिऱ्हाइकं संपली म्हणून असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. सरळ आठ सिलिंडरचं लांबलचक इंजिन तोवर जुन्या पठडीतलं झालं होतं आणि कंपनी क्रूमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनाच्या कामाला लागली होती. शेवटची चासी, ४सीएस६, १९५६ साली इराणच्या शहांकडे गेली. तिची बॉडी हूपरची.

बॉडी बांधणाऱ्यांचा जमानाही मावळत होता. बेंटली मार्क ६पासून कंपनी स्वतःच पोलादी साच्यातल्या तयार बॉडीची गाडी विकू लागली होती आणि स्वतंत्र कोचबिल्डरांकडची कामं वर्षागणिक आटत गेली. हूपरनं १९५९ साली बॉडी बांधणं बंद केलं. त्याच वर्षी मलिनरची कंपनी रोल्स-रॉइसनं विकत घेतली आणि १९६१ साली ती पार्क वॉर्ड या दुसऱ्या कोचबिल्डरबरोबर एक केली. फँटम ४च्या अठरा गाड्यांत ही सगळी परंपरा शेवटची एकत्र दिसते, आणि माझ्या लेखी तिचं मोल राजांच्या नावांपेक्षा यात जास्त आहे. राजे बदलतात. लाकडाच्या चौकटीवर नजरेच्या अंदाजानं पत्रा बसवणारे हात पुन्हा जमवता येत नाहीत.

आज किती शिल्लक आहेत?

सोळा. कारखान्याचा पिकअप गेला आणि शहांची पहिली, उघडी गाडीही राहिली नाही. राणीची ४एएफ२ राजवाड्याच्या पागेतच आहे. १९ मे २०१८ला मेगन मार्कल आपल्या आईसह विंडसरच्या लग्नमंडपाकडे निघाल्या त्या फँटम ४मधूनच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राणीच्या वापरातली हूपर लँडोलेट गुडवूड इथे बोनहॅम्सच्या लिलावात विकली गेली. स्पेनच्या तिन्ही गाड्या अजून सरकारी सेवेत आहेत. १९ जून २०१४ला सहावे फेलिपे राजे झाले तेव्हा माद्रिदच्या रस्त्यांवरून ते उघड्या फँटम ४मधून, उभे राहून, लोकांना अभिवादन करत गेले. शहांची शेवटची गाडी इराणमध्येच संग्रहालयात आहे.

सिल्व्हर रेथ आणि फँटम ४ यांत फरक कसा ओळखायचा?

लांबून पाहून फसायला होतं, कारण त्याच कोचबिल्डरांनी सिल्व्हर रेथवरही जवळजवळ तशाच बॉडी बांधल्या. आधी बॉनेटची लांबी बघा, आठ सिलिंडर एका ओळीत बसवायचे तर नाक लांब होणारच. मग मागच्या चाकाचे बोल्ट मोजा, दहा हवेत. बॉनेट उघडता आलं तर एका ओळीत आठ स्पार्क प्लग दिसले पाहिजेत. शेवटी चासीची पाटी, आणि तिच्यावरचा आकडा वरच्या तीन तुकड्यांत बसतो का ते पाहा. मालकाच्या घराण्याची कथा सर्वात शेवटी ऐका.

फँटम ५ हिची जागा घेऊ शकली का?

कामापुरती, हो. १९५९ साली आलेल्या फँटम ५ला व्ही-८ इंजिन होतं, ती पाचशेहून अधिक संख्येनं बनली आणि राजवाड्यानंही तिच्या गाड्या घेतल्या. डेम्लर परत कधी त्या मानाच्या जागी आली नाही. पण फँटम ५ पैसे देणाऱ्या कोणालाही मिळत होती. बीटल्सच्या जॉन लेनननंही एक घेतली आणि १९६७ साली तिच्यावर पिवळ्या रंगात वेलबुट्टी रंगवून घेतली.